गळते कुठं अन् दिसते कुठं : डिझेल लाईनवर वाचकांचे प्रश्न

सोयाबीनची काढणी तोंडावर आली की या सदराकडं पत्रांची रांग लागते, अन् यंदा बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत, डिझेल गळते नाहीतर इंजिन एअर पकडते, म्हणजे डिझेलच्या लाईनीत हवा शिरते. म्हणून क्लच, हायड्रॉलिक, पीटीओचा आवाज हे सगळं पुढच्या अंकात घेऊ, या वेळी फक्त टाकीपासून नोजलपर्यंतची (इंजिनात डिझेलचा फवारा मारते ते) लाईन. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नाव कोणाचंच छापलं नाही, तालुका तेवढा ठेवला.

माह्यापाशी 42 एचपीचं जुनं ट्रॅक्टर आहे. दिवसभर वावरात चालते, एक थेंब दिसत नाही. रात्री कोठ्याजवळ उभं केलं की सकाळी डिझेल फिल्टरच्या खाली ओला डाग राहते अन् स्टार्टला लय सेल मारा लागते. फिल्टर दोनदा बदलला, फिल्टरचे वायसर बदलले, आता मिस्त्री म्हणते फिल्टरचं हेडच बदलून टाकू. बदलावं का?
ता. दारव्हा, जि. यवतमाळ

नका बदलू भाऊ, निदान हे वाचून होईपर्यंत तरी नका. तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे, दिवसा कोरडं अन् रात्री ओलं. टाकी वर असते, फिल्टर खाली. इंजिन बंद असलं की टाकीतलं डिझेल स्वतःच्या वजनानं खाली दाबत राहते अन् जिथं फट सापडेल तिथून बाहेर येते. इंजिन चालू झालं की फीड पंप टाकीकडून डिझेल ओढायला लागते, म्हणजे टाकी ते फीड पंप एवढ्या भागात दाब नाही तर ओढ असते, मग तीच फट बाहेर गळायच्या ऐवजी हवा आत घेते. फीड पंपाच्या पुढं, म्हणजे पंप ते फिल्टर ते मोठा डिझेल पंप (नोजलला दाबानं डिझेल देणारा) या भागात फट असती तर उलट झालं असतं, इंजिन चालू असताना जास्त गळलं असतं, कारण तिथं पंपाचा दाब असते. तुमचं चालू असताना कोरडं आहे, म्हणजे फट फीड पंपाच्या अलीकडं, टाकीच्या बाजूला आहे. फिल्टर बिचारा फक्त खाली लटकलेला आहे म्हणून थेंब त्याच्यावरून पडते. डिझेल पाईपाच्या अंगावरून हातभर सरकते अन् सगळ्यात खालच्या टोकाला येऊन थेंब धरते, म्हणून थेंब जिथं पडते तिथं गळते असं समजायचं नाही, ओलं जिथून सुरू होते तिथं पाहायचं, म्हणजे सगळ्यात वरची ओली जागा.

ती जागा शोधायला महागडं काही लागत नाही. टाकीच्या कॉकापासून फीड पंपापर्यंतची सगळी लाईन, जॉईंट, फिल्टरचं वरचं अंग आधी रॉकेल नाहीतर डिझेलच्या ब्रशनं धुवा, वर्षभराचा चिखल अन् कुटाराचा थर निघाला पाहिजे, मग साबणाच्या पाण्यानं धुवा अन् पूर्ण कोरडं करा, हवा मारता आली तर चांगलंच. मग अंगाला लावायची टाल्कम पावडर प्रत्येक जॉईंटवर भुरभुरा, नसेल तर खडूची भुकटी. टाकी भरून ठेवा (अर्ध्या टाकीवर गळती कधी कधी दिसतच नाही, वजन कमी पडते) अन् रात्रभर सोडा. सकाळी पावडर जिथं भिजली त्यातली सगळ्यात वरची जागा तुमची. मोबाईलच्या टॉर्चनं पाईपाच्या मागच्या बाजूला पण पाहा, समोरून कोरडा दिसणारा पाईप मागून चिरलेला असते.

सापडेल कुठं ते अंदाजानं सांगतो. टाकीच्या खालच्या कॉकाचं पॅकिंग, काचेची वाटी असेल तर तिच्या वरची रबर रिंग, रबरी पाईपाची दोन्ही टोकं, अन् बँजो बोल्टचे (पाईपाचं गोल टोक धरणारा, मधून पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर. मला विचाराल तर पहिला संशय रबरी पाईपावर. आपल्याकडं मे महिन्यात अकोला, चंद्रपूरकडं 45 च्या वर पारा जाते, वरून ऊन अन् खालून इंजिनची गरमी, त्यात पाईप कडक होते अन् क्लिपच्या जवळच बारीक चिरा पडतात. पाईप वाकवून पाहा, चिरा दिसल्या तर बदला, अन् घेताना डिझेलचा पाईप म्हणून मागा, पाण्याचा पारदर्शक पाईप लावू नका, तो दोन महिन्यात पिवळा पडून काडीसारखा मोडते. टोकच तेवढं खराब असेल अन् पाईपाला लांबी असेल तर इंचभर कापून पुन्हा बसवलं तरी चालते. क्लिप स्क्रूची वापरा. बांधायची तार पिळून लावायची आपल्याकडं फार सवय आहे, ती तार रबरात रुतते अन् पुढची चीर तीच पाडते.

तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की कडक होते, मग तो कितीही आवळला तरी बसत नाही. नवा वायसर फार स्वस्त असते, नवाच लावा. दुकान दूर असेल, ट्रॅक्टर वावरात अडकलं असेल तर जुना वायसर गॅसवर लाल होईपर्यंत तापवा अन् पाण्यात टाका, तांबं मऊ पडते (पोलादाचं उलट असते, ते पाण्यात टाकलं की कडक होते), वरची काळी पापडी पॉलिश पेपरनं घासून काढा अन् लावा, निभावते. ॲल्युमिनियमच्या वायसरला हे करू नका, तो वितळून हातात येईल. अन् एकावर एक दोन वायसर तर कोणीच लावू नका, ते पुन्हा गळते.

सेल जास्त मारा लागते त्याचं कारण पण हेच. रात्री तिथून डिझेल उतरते, लाईनीत हवा शिरते, सकाळी आधी ती हवा निघेपर्यंत इंजिन पकडत नाही. फट बंद झाली की सेल आपोआप कमी लागेल, बॅटरीला दोष देऊ नका.

गळती कुठंच दिसत नाही, खाली पेपर टाकून पाहिला, कोरडा. पण ट्रॅक्टर पंधरा-वीस मिनिटं चालते, मग भुकभुक करून बंद पडते. एअर काढली की पुन्हा तेवढंच चालते. फिल्टर नवीन, डिझेल चांगल्या पंपावरचं. काऊन होते असं?
ता. तेल्हारा, जि. अकोला

वरच्या भाऊंचं उत्तर वाचलं असेल तर अर्धं समजलं असेल. उसाच्या रसाची नळी चिरलेली असली तर रस कमी अन् हवा जास्त येते, पण रस बाहेर सांडत नाही, तसंच आहे हे. काही ट्रॅक्टरमध्ये टाकी अन् फीड पंप जवळपास एकाच उंचीवर असतात, किंवा फट टाकीतल्या डिझेलच्या पातळीच्या वर असते, मग ती बंद असताना पण गळत नाही, चालू असताना फक्त हवा घेते.

पण हवेच्या मागं लागायच्या आधी एक गोष्ट फुकटात तपासा. बंद पडायला लागलं की टाकीचं झाकण सैल करा. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला अन् इंजिन सावरलं तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं आहे, डिझेल जसं कमी होते तसा टाकीत व्हॅक्यूम तयार होते अन् पंपाला ओढता येत नाही. थ्रेशरवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचं हे छिद्र कुटाराच्या धुळीनं नेहमीच बुजते. सुईनं साफ करा, काम संपलं. ज्यांचं झाकण हरवलं अन् त्यांनी प्लास्टिकची पन्नी बांधली त्यांचं पण हेच होते, हे मी हसायला सांगत नाही, गावोगाव पाहतो.

झाकण ठीक असेल तर मग हवा. फीड पंपाच्या आधीच्या पाईपात थोडा पारदर्शक डिझेल पाईप जोडा, तपासणीपुरता, अन् इंजिन चालू करून बघा. बुडबुडे सलग येत असले तर फट टाकीच्या बाजूला. तिथं बुडबुडे नाहीत पण फिल्टरच्या पुढं येतात तर दोष फीड पंपात. याच्यापेक्षा पण सोपी परीक्षा म्हणजे टाकी बाजूला ठेवायची, पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये डिझेल घ्यायचं, चांगला पाईप त्यातून थेट फीड पंपाला जोडायचा, कॅन बोनेटच्या जवळ पक्का बांधायचा पण सायलेन्सरपासून लांब, अन् अर्धा तास चालवायचं. बंद पडलं नाही तर दोष टाकी, कॉक, जुना पाईप यातच आहे. तरीही बंद पडलं तर फीड पंप खोला. टाकीतली जाळी पण या निमित्तानं काढून पाहा, ड्रममध्ये साठवलेलं डिझेल वापरणाऱ्यांच्या जाळीवर काळा चिकट थर सापडते.

एअर काढायची रीत बऱ्याच जणांची उलटी असते म्हणून सांगतो. आधी फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करायचा, हँड प्रायमर (हातानं डिझेल ढकलायचा छोटा पंप) मारत राहायचं, फेस येणं थांबून सलग डिझेल आलं की प्रायमर दाबून धरूनच स्क्रू आवळायचा, मग मोठ्या पंपावरचा स्क्रू, त्याचं पण तसंच. नोजलच्या नटावर सगळ्यात शेवटी जायचं. पहिल्यांदाच नोजलचे नट खोलून सेल मारत बसलात तर बॅटरी उतरते अन् हवा तिथंच राहते.

तीन नंबरच्या नोजलच्या नटातून डिझेल गळते. नटाला मोठा पाईप लावून आवळला, थांबलं नाही. आमच्याकडचा वेल्डिंगवाला म्हणते पितळ भरून देतो.
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

पाईप लावून आवळणं आधी थांबवा. हा जॉईंट आट्यांवर सील होत नाही, पाईपाच्या टोकाला जो गोल कोन असते तो नोजलच्या तोंडात बसून सील होते. जास्त आवळलं की कोन चपटा होते किंवा नट फुटते, मग पूर्ण पाईपच जाते. नट सैल करा, पाईप मोकळा होऊन सरळ त्या तोंडात बसते का पाहा. पाईप ओढून-ताणून बसवलेला असेल तर तो कायम गळणार, अशा वेळी पंपाकडचा नट पण सैल करा, दोन्ही टोकं हातानं लावा, मग दोन्ही आवळा. कोनावर ओरखडा, कचरा किंवा भेग असेल तर पाईप बदला.

पितळ भरू नका. उष्णतेनं आत पपडी धरते, तिचा तुकडा सुटला की थेट नोजलमध्ये, अन् छिद्र अरुंद झालं तर त्या सिलेंडरचं डिझेलचं माप बिघडते. नवीन घेताना त्याच मॉडेलचा, तेवढ्याच लांबीचा अन् तेवढ्याच भोकाचा घ्या, पाईपाच्या लांबीवर डिझेल पोचायची वेळ ठरते. अन् पाईपांना एकत्र धरणारी पट्टी, रबराची गादी असलेली, ती कुठं आहे? बहुतेक ट्रॅक्टरवर ती सर्व्हिसिंगच्या वेळी काढून फेकलेली असते. ती नसली की पाईप थरथरते अन् मुळाशी तडकते, तुमच्या तीन नंबरचं मूळ कारण तेच असायची दाट शक्यता आहे.

आता एक गोष्ट जरा जोरात सांगतो. या पाईपाची गळती इंजिन चालू असताना हातानं, बोटानं, रुमालानं कधीच तपासायची नाही. साध्या जुन्या इंजिनात सुद्धा नोजल 175 ते 250 बारच्या आसपास उघडते, तेवढ्या दाबाची केसाएवढी धार डोळ्याला दिसत नाही पण कातडी फोडून आत जाते. बाहेरून फक्त टाचणी टोचल्यासारखं दिसते, दुखत पण नाही सुरुवातीला, अन् माणूस हळद लावून कामाला लागते. आत डिझेलनं मांस सडत असते. असं झालं तर त्याच तासात सर्जन असलेल्या दवाखान्यात जा, आधी जिल्ह्याच्या ठिकाणी, अन् तिथं स्पष्ट सांगा की दाबाचं डिझेल आत गेलं आहे, इंजेक्शन अन् पट्टी घेऊन परत येऊ नका, उशीर झाला तर बोट कापावं लागते. तपासायचं असेल तर लांब काडीला पुठ्ठा बांधून पाईपाच्या जवळ फिरवा, डिझेलचा डाग त्याच्यावर उठेल.

ज्यांच्याकडं नवीन, 50 एचपीच्या वरचे ट्रॅक्टर आहेत त्यांच्यासाठी वेगळं सांगायचं म्हणजे 1 जानेवारी 2023 पासून त्या गटाला ट्रेम-4 चे, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झाले अन् त्यात बहुतेक इंजिनं कॉमन रेल (सगळ्या नोजलला एकाच दाबाच्या नळीतून डिझेल) आली. तिथं दाब हजार बारच्या वर जाते. जुन्या ट्रॅक्टरसारखा नट सैल करून एअर काढायची पद्धत तिथं अजिबात नाही, पाना लावूच नका, कंपनीच्या माणसाला बोलवा.

इंजिन ऑईल कमी व्हायच्या ऐवजी वाढते. मी टाकलं नाही, मुलानं पण टाकलं नाही. चांगलं आहे का वाईट?
ता. आर्वी, जि. वर्धा

वाईट, अन् आजच ट्रॅक्टर बंद करा. ऑईल आपोआप वाढत नाही, त्यात डिझेल नाहीतर पाणी उतरते. ऑईल मोजायची पट्टी काढून वास घ्या, थेंब बोटांत चोळा, डिझेलचा वास अन् पाण्यासारखं पातळ असेल तर ही गळती बाहेर नाही, आतल्या बाजूला आहे. दुधाळ, चहासारखं झालं असेल तर पाणी, ते दुखणं वेगळं, हेड गॅस्केटकडं जा.

डिझेल असेल तर डायफ्रामवाल्या फीड पंपात डायफ्राम फाटलेला असते अन् डिझेल सरळ इंजिनच्या ऑईल चेंबरमध्ये उतरते. काही पंपांच्या अंगावर बारीक छिद्र असते, तिथून डिझेल टपकत असेल तर तो खुलासाच आहे, ते छिद्र एमसीलनं बुजवणारे लोक मला भेटले आहेत, त्यांनी स्वतःच्या हातानं गळती आत वळवली. रोटरी पंप असेल तर पंपाच्या शाफ्टचं सील, ते काम डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या पंप रूमवाल्याचं. काहीही असो, दुरुस्तीनंतर ऑईल अन् ऑईल फिल्टर दोन्ही बदला. पातळ ऑईलवर "आजचा दिवस काढू" म्हणून नांगरटी केली तर बेअरिंग धरते अन् मग क्रँकचा खर्च.

आमची संत्र्याची बाग आहे. पाठीवरच्या, पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाचा पाईप दर हंगामात कडक होऊन फुटते अन् पेट्रोल पाठीवर गळते. मागच्या वर्षी बदलला, यंदा पुन्हा तेच. पूर्वी असं होत नव्हतं.
एक वाचक भगिनी, ता. वरूड, जि. अमरावती

ताई, पूर्वी होत नव्हतं हे खरं आहे. 2023 च्या फेब्रुवारीपासून 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं अन् आता जवळपास सगळीकडं तेच मिळते. इथेनॉल जुन्या साध्या रबराला मानवत नाही, रबर आधी फुगते अन् मग सुकून चिरते. दुसरं म्हणजे इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेते, टाकीत महिनोन्महिने पेट्रोल पडून राहिलं तर पाणी-इथेनॉल खाली बसते अन् कार्बोरेटर खाते. पाईप घेताना इथेनॉल चालणारा आहे का ते विचारूनच घ्या, दुकानदाराला माहीत नसेल तर दुसरं दुकान पाहा. अन् फवारणी संपली की टाकी रिकामी करा, मग इंजिन स्वतः बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे पाईपात अन् कार्बोरेटरमध्ये काही उरत नाही. पुढच्या हंगामात ऑईल मिसळलेलं मिक्सचर ताजंच करा.

पाईप चांगला असून पण गळत असेल तर कार्बोरेटरच्या सुईखाली कचरा असते, पेट्रोल थांबत नाही अन् ओव्हरफ्लो होते. तो पाईपाचा दोष नाही. आणि हे पाठीवर असते म्हणून सांगतो, गळता पंप पाठीवर घेऊन सुरूच करायचा नाही, पेट्रोलची वाफ ठिणगीलाच शोधत असते. कपडे भिजले तर आधी बदला, मग बाकीचं.

डिझेलची टाकी खालून पाझरते. वेल्डिंग करून घ्यावी का?
ता. साकोली, जि. भंडारा

टाकीचा पाझर थांबवायला वावरात कपडे धुवायचा साबण घासून लावतात ते काही दिवस खरंच टिकते, डिझेल साबणाला लवकर विरघळवत नाही, पण पाऊस लागला की संपलं. वेल्डिंग करायची तर टाकी उतरवून, रिकामी करून, साबणाच्या गरम पाण्यानं अनेकदा धुऊन, मग चिरेपर्यंत पाणी भरून, झाकण उघडं ठेवूनच, अन् ज्याला याची सवय आहे त्याच्याकडंच. रिकाम्या टाकीत डिझेल नसते पण वाफ असते, फुटते ती रिकामीच टाकी. गंज आतून असेल तर वेल्डिंगच्या नादी लागू नका, जुन्या बाजारातून चांगली टाकी घ्या.

थ्रेड टेप लावली तर जॉईंट गळायचा थांबते का?
ता. कळमेश्वर, जि. नागपूर

नाही. वर सांगितलं तसं हे जॉईंट आट्यांवर सील होतच नाहीत, अन् टेपचा धागा सुटून फिल्टरच्या पुढं गेला तर नोजल जाम. नळाला लावा.

एक थेंब-दोन थेंब गळते. थ्रेशरचा हंगाम आहे, बाकीच्यांचं बुकिंग घेतलं आहे, हंगाम झाल्यावर दुरुस्ती केली तर चालते का?
ता. रिसोड, जि. वाशिम

आधी हिशोब करा. डिझेलच्या साधारण चाळीस थेंबांना एक मिली धरली अन् सेकंदाला एक थेंब पडला, तर चोवीस तासांत दोन लिटरच्या वर जाते. रात्री उभ्या ट्रॅक्टरचं पण गळतेच ना, म्हणून चोवीस तास. हंगाम महिनाभराचा धरा अन् तुमच्या पंपाच्या भावानं गुणा, वायसर अन् पाईपाची किंमत त्याच्या कोपऱ्यात पण येत नाही.

पण पैशाचा विषय बाजूला ठेवला तरी थ्रेशरवर गळतं ट्रॅक्टर लावू नका. आपल्या देशाच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉईंट किमान 35 अंश आहे, म्हणजे तेवढ्या गरमीला त्याच्या वाफेला आगीनं धरता येते, अन् ऑक्टोबरच्या दुपारी बोनेटखाली त्याच्यापेक्षा जास्तच असते. अडीचशे अंशाच्या आसपास ते ठिणगीशिवाय पण पेटते, लोडवर चालणाऱ्या इंजिनचा मॅनिफोल्ड तेवढा सहज तापते. त्याच्या बाजूला उडणारं सोयाबीनचं सुकं कुटार, डिझेलनं ओल्या पाईपावर ते चिकटून बसते, अन् दहा पावलांवर गंजी. अशा वेळी एक थेंब-दोन थेंब म्हणणं बरोबर नाही.

एका सकाळीचं काम आहे, थ्रेशर उशिरा लावा, ज्यांचं बुकिंग आहे त्यांना फोन करून सांगा, कोणी रागावणार नाही. इंजिनवरचं कुटार रोज झाडा, गरम असताना टाकी भरू नका, जवळ ड्राय पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर ठेवा, नसेल तर रेतीची दोन टोपली. पेटलेल्या डिझेलवर बादलीनं पाणी मारलं तर ते पाण्यावर तरंगत पसरते, रेती टाका नाहीतर ओलं पोतं. अन् डिझेल पडलेलं कुटार गंजीत मिसळू नका, बैलांना घालू तर नकाच, वेगळं काढून टाका.